एदियासची दुसरी खूण

वार्पॉय बेटावर टेलिफोन अजून हाताने जोडले जात त्या काळी आस्ब्योर्ग तांगेनला विचारल्याशिवाय कोणाला कोणाशी बोलता येत नसे. आणि तिला विचारले की बहुधा बोलण्याची गरजही उरत नसे. "सत्तावीस दे," असे कोणी म्हटले की जोडणीची दोरी उचलण्याआधी ती खिडकीबाहेर पाही.

"सत्तावीस घरी नाही. फटीत आहे. कॉफीच्या वेळेला येईल, तेव्हा कर फोन."

सत्तावीस म्हणजे एदियास. गाय आणि वासरू या नावाचे दोन बोडके खडक बंदरासमोर समुद्रात उभे आहेत. त्यांच्यामधल्या फटीतून, दूरवर, त्याची होडी दिसे. इतर होड्या त्या फटीतून सरकत जात. एदियासची तिथेच थांबे. तासभर, कधी दोन तास. हवा चांगली असली आणि आजूबाजूला दुसरे कोणी नसले, तरच थांबे, हेही आस्ब्योर्गने हेरले होते. जोडून दिलेले बोलणे ऐकू नये, पण पाहायला हरकत नसलेले दृश्य मात्र सोडू नये, असा तिचा त्या नोकरीतला शिरस्ता होता. एकदा धक्क्यावर गाठ पडली तेव्हा तिने सरळ विचारले.

"फटीत थांबून करतोस काय रे तू?"

"विसावा घेतो," एदियास म्हणाला.

"अर्ध्या समुद्रात?"

"घरी कुठे मिळतो?" असे म्हणून तो चालू लागला. त्याच्या बायकोची जीभ बेटावर प्रसिद्ध होती, त्यामुळे आस्ब्योर्गचे तेवढ्यावर समाधान झाले. निदान तिने तसे ठरवून टाकले.

पुढे यंत्राने जोडणारे एक्स्चेंज आले. दोऱ्या खोचायचा, खुंट्यांचा उंच लाकडी फळा उखडून संग्रहालयात गेला आणि आस्ब्योर्ग नगरपालिकेच्या कचेरीत आली. आधी टंकलेखन, मग तारयंत्र आणि मग, कोणी मागून घेतले नाही म्हणून, संगणक. तिने संगणकाचे रीतसर शिक्षण घेतले ते दोन आठवड्यांचे. बाकी सारे कुतूहलाच्या जोरावर. एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्याला एक प्रश्न सतत छळतो : कानात बोलणारा माणूस खरोखर आहे कुठे? संगणकापुढे बसल्यावर तिला तोच प्रश्न नव्या वेशात भेटला. पडद्यावर दिसणारा कागद खरोखर आहे कुठे? लोकांना तो पडद्यावर असला म्हणजे पुरे होता. तिला पुरत नसे.

कचेरीतले सर्व कागद तळघरातल्या मोठ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर राहत. ज्यांना बेटाबाहेर हिंडावे लागे त्यांच्याकडे मांडीवरचे संगणक होते. अशा यंत्राला एक सोय होती. सर्व्हरवरच्या कागदांची एक प्रत ते आपल्या पोटात ठेवी; कचेरीतल्या संगणकांच्या जाळ्यापासून दूर असताना माणूस त्या प्रतीवर काम करी, आणि कचेरीत येऊन तार जोडली की झालेले बदल यंत्र आपणहून सर्व्हरला कळवी. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नसे. बाहेर असो वा कचेरीत, कागद त्याच कप्प्यात, त्याच नावाने दिसे. आस्ब्योर्गला ही युक्ती फार आवडे आणि तितकीच संशयास्पद वाटे. एकच माणूस दोन घरी राहतो म्हटल्यावर टपाल कुठल्या घरी जाते, एवढे तरी विचारायला नको का?

असे यंत्र सर्वांत जास्त हिंडवणारा माणूस म्हणजे नकाशा खात्यातला तोरलाइव. त्या साली, म्हणजे दोन हजार तीनमध्ये, त्याच्याकडे एक काम होते आणि त्या कामात त्याचा जीव गुंतला होता. मासेमारीच्या जागा समुद्रावर लिहिलेल्या नसतात. जुने कोळी त्या खुणांनी ओळखत : चर्चचे टोक अमुक सुळक्यावर आले की एक रेषा झाली, दुसऱ्या बाजूला एखादे घर डोंगराच्या खाचेत बसले की दुसरी. दोन्ही एकाच वेळी जुळल्या की खाली मासा. प्रत्येक जागेला दोन खुणा, एक चुकली तर दुसरी व्यर्थ. उपग्रहाकडून जागा सांगणारी यंत्रे होड्यांवर आली आणि या खुणा म्हाताऱ्यांच्या डोक्यात तेवढ्या उरल्या. त्या गोळा करून नगरपालिकेच्या सागरी नकाशावर नावानिशी उतरवायच्या, असे ठरले होते. तोरलाइव हिवाळाभर बाहेरच्या बेटांवर जाई, एखाद्या स्वयंपाकघरात कॉफीचा पेला घेऊन बसे आणि ऐकलेले तिथल्या तिथे यंत्रात लिही.

सर्वांत शेवटी त्याने एदियासला बोलते केले. एदियास तेव्हा बाहेरच्या बेटावर एकटा राहत होता. बायको वारली होती, दोन्ही मुलगे समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर कामाला. आधीच्या भेटींत त्याने गावाला माहीत असलेल्या जागा सांगितल्या. ईस्टरच्या थोडे आधी, पाचव्या पेल्यानंतर, त्याने स्वतःची सांगितली. बापाने त्याला दिलेली, त्याने कोणालाही न दिलेली.

"पोरांना नको आहे," तो म्हणाला. "तू लिही. नकाशावर घाल. मग ती माझीही नाही आणि हरवलेलीही नाही."

"घालतो," तोरलाइव म्हणाला. "शब्द देतो."

ईस्टरच्याच आठवड्यात एदियास झोपेतच वारला.

मे महिन्याच्या सुरुवातीला कचेरीचा दुगनाद आला. दुगनाद म्हणजे सगळ्यांनी मिळून, मजुरी न घेता, वसंतात एकदा आवार लख्ख करायचे. पाने ओढायची, खिडक्या धुवायच्या, कुंपण रंगवायचे आणि शेवटी वाफल खायचे. त्यात कोणी यावेच असा नियम नाही. पण न येणाऱ्याचे नाव कोणी काढत नाही, आणि तेच त्याला वर्षभर ऐकू येत राहते. त्या वर्षी नगरप्रमुख बाईंना कल्पना सुचली की संगणकही झाडून काढावेत. डिस्क भरत आल्या होत्या. आस्ब्योर्गने सूचना तयार केली : केर टाका, जुने कागद दाबून लहान करा, त्यासाठी अमुक चौकोनात खूण करा. खाली तिने ठळक अक्षरांत लिहिले की मांडीवरच्या यंत्रांना यात कोणी हात लावू नये.

तोरलाइव त्या दिवशी बोटीच्या उशिरामुळे दुपारी पोचला. पाने ओढून झाली होती. कुंपण रंगवून झाले होते. सगळे ब्रश धूत उभे होते आणि तो कोरडे हात घेऊन फाटकातून आत आला.  तो तसाच खोलीत गेला, यंत्र उघडले आणि निदान तेवढे तरी झाडू या म्हणून त्याने सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. जुन्या कागदांनी भागेना म्हणून आख्खी डिस्कच दाबायला लावली. काम किती झाले ते दाखवणारी हिरवी पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर गेली आणि थांबली. बाहेरून वाफलचा वास येत होता, कोणी त्याला हाकही मारली. त्याने बराच वेळ वाट पाहिली, मग बटण दाबून यंत्र बंद केले आणि सगळ्यांत जाऊन, तपकिरी चीजचे दोन काप घालून, वाफल खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तो आस्ब्योर्गच्या दारात यंत्र छातीशी धरून उभा राहिला.

"कागद आहेत," तो म्हणाला, "पण उघडत नाहीत. आणि नावं निळी झालीत."

"दाबल्यावर निळीच होतात. हे दाबलंस?"

"सगळ्यांनी दाबलं."

"सगळ्यांच्या यंत्रांना पाय नाहीत. सूचना वाचलीस ना?"

"वाचली." तो खाली पाहू लागला. "आस्ब्योर्ग, मी पानं ओढली नव्हती गं."

त्याच्या जागी तिनेही बहुधा तेच केले असते. तिने मुख्य गावातल्या मदत केंद्राला फोन लावला. तिथे फ्रूदे असे. तिशीचा, सर्दट आवाजाचा, घाई नसलेला माणूस.

"हे नेहमीचं आहे," फ्रूदे म्हणाला. "पोटातल्या प्रती दाबल्या की त्या यंत्राचं डोकं फिरतं. साठा पुसून टाक. दोन कळा दाबून ठेव, एक बटण दाब, यंत्र पुन्हा चालू कर. सर्व्हरवरून सगळं नव्याने येईल. कॉफी व्हायच्या आत काम फत्ते."

सल्ला चुकीचा नव्हता. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तोच बरोबर ठरला असता. आस्ब्योर्गने दोन बोटे त्या दोन कळांवर ठेवलीही. मग, एकवीस वर्षांच्या सवयीने, जोडणी करण्याआधी तिने खिडकीबाहेर पाहावे तसे तोरलाइवकडे पाहिले.

"सर्व्हरवर तुझं शेवटचं कधी पोचलं?"

"रोजच पोचतं की. तार लावली की जातं."

"गेलेलं पाहिलंस?"

"कोपऱ्यात एक पिवळी खूण येते. हिवाळ्यापासून येतेय. मला वाटलं, काम चालू आहे असं सांगतेय."

तिने बोटे उचलली आणि आपल्या यंत्रावरून सर्व्हरवरचा तोच कागद उघडला. खुणांची यादी त्यात होती, पण जानेवारीपर्यंतची. एदियासचे नाव त्यात कुठेही नव्हते. यंत्राची डिस्क जानेवारीतच जवळजवळ भरली होती : थोडे लिहिण्यापुरती जागा उरली होती, बदल सर्व्हरला कळवण्यापुरती नाही. पिवळी खूण तेव्हापासून तेच सांगत होती. पुढचा सारा हिवाळा, म्हाताऱ्याच्या जागेसकट, फक्त या यंत्राच्या पोटात होता, आणि काल तोरलाइवनेच ते पोट अर्धे आवळून मध्येच सोडून दिले होते.

तोरलाइव खुर्चीत बसला.

"तुला आठवत असेल ना," ती म्हणाली. "त्याची जागा. तुझ्यासमोर सांगितली त्याने."

"पहिली आठवते. चर्चचं टोक काळ्या सुळक्यावर. दुसरी..." तो थांबला. "मी लिहिली गं. लिहिली म्हणून लक्षात नाही ठेवली."

फोनवर फ्रूदे अजून होता. पुसायचे नाही म्हटल्यावर त्याच्या आवाजातली सर्दी जरा कमी झाल्यासारखी वाटली. त्यालाही नेहमीचा नसलेला प्रश्न बऱ्याच दिवसांनी मिळाला होता.

"मग असं बघ. कागद जिथे दिसतो तिथे तो नाहीच. तो कप्पा म्हणजे नुसती पाटी. खरा साठा एका लपवलेल्या कप्प्यात आहे. तिथे पोचलीस तरी घाबरशील. नावं नसतात, नुसते आकडे."

"आकड्यांची मला भीती नाही," आस्ब्योर्ग म्हणाली. "पण मला सांग, दाबलेलं पुन्हा मोठं का होत नाही? खूण काढली की झालं ना?"

"फुगायला जागा लागते. ती डिस्क भरलेली आहे."

तिला एकदम तिच्या आजोळचे माडीघर आठवले. सुकवलेल्या कॉड माशांच्या मोळ्या लाकडांसारख्या रचलेल्या. "म्हणजे सुकटीसारखं. ठेवायला फळी पुरते, भिजवायला घंगाळ लागतं."

"अगदी. आणि तुम्ही फळीवरच पाणी ओतताय. डिस्क बाहेर काढ, मोठ्या यंत्राला जोड, सगळा साठा तिकडे उतरव. तिथे भिजेल. पण मूळ डिस्कवर एक अक्षर लिहू नकोस. आणि काय झालं ते कळव मला. विसरू नकोस हं."

दुपारपर्यंत साठा मोठ्या यंत्रावर उतरला. लपवलेल्या कप्प्यात आणखी कप्पे होते आणि प्रत्येकात ओळीने आकडे, एकापेक्षा एक लांब, अर्धे निळे आणि अर्धे काळे. जिथे पट्टी थांबली होती तिथे रंग बदलत होता, ओहोटीची रेघ खडकावर राहावी तसा. प्रत्येक कागदाला दोन मापे होती : एक त्याचे स्वतःचे आणि दुसरे त्याने व्यापलेल्या जागेचे. निळ्यांची दोन मापे जुळत नव्हती. आस्ब्योर्ग त्या तफावतीकडे बराच वेळ पाहत राहिली. वस्तू एक आणि तिची लांबी दोन. आणि दोन्ही खऱ्या. कामाची घाई नसती तर ती तिथेच संध्याकाळपर्यंत रमली असती.

"यातला माझा कोणता?" तोरलाइवने विचारले.

"एक्स्चेंजमध्येही कोणाला नावं नव्हती," ती म्हणाली. "तरी मला कळायचं कोण ते. कोण कधी बोलतो त्यावरून. तू शेवटचं कधी लिहिलंस? ईस्टरच्या आधी ना? मग त्या दिवसांत हललेलेच बघू."

त्या दिवसांत हललेले थोडेच निघाले. एक फेरीच्या धक्क्याचा फोटो होता. एक कोणाच्या तरी वाढदिवसाचे आमंत्रण. तिसरा उघडला आणि पडद्यावर कोळ्यांची नावे ओळीने खाली उतरू लागली. फेब्रुवारी, मार्च, घाईत केलेल्या चुकांसकट सगळे जागच्या जागी.  तोरलाइव खाली खाली सरकत गेला. सगळ्यांत तळाशी होते :

"एदियास. जागेचे नाव : विसावा. पहिली खूण : चर्चचे टोक काळ्या सुळक्यावर यावे. दुसरी खूण :"

त्यापुढे चौकोन. ओळीमागून ओळी, रिकामे, सारखे. यंत्र बंद केले त्या क्षणी नेमका हाच शेवटचा तुकडा दाबला जात होता. फ्रूदेने सुचवलेली आणखी दोन हत्यारे त्यांनी वापरून पाहिली. चौकोन चौकोनच राहिले.

"एवढं आलं हेच पुष्कळ," फ्रूदे फोनवर म्हणाला, आणि त्याच्यापुरते ते खरेही होते.

"शब्द दिलेला तेवढाच राहिला," तोरलाइव म्हणाला. "बाकीचे सगळे जिवंत आहेत. त्यांना पुन्हा विचारलं असतं."

आस्ब्योर्गचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचत होती.

"विसावा हे जागेचं नाव आहे?"

"हो. का?"

"मला वाटलं, बायकोबद्दल बोलतोय." ती उठली आणि कोट घालू लागली. "एक नकाशा घे. पट्टी आणि होकायंत्रही घे."

जुन्या एक्स्चेंजच्या घरात आता लोकरीचे दुकान आहे. मालकीण ओळखीची, दोघांना होकायंत्रासकट आत शिरताना पाहून ती म्हणाली, "मोजे हवेत की बेट विकत घ्यायचंय?"

"खिडकी हवी," आस्ब्योर्ग म्हणाली. "जरा हे टोपलं सरकवते हं."

टोपल्याखाली फरशीच्या लाकडात चार भोके होती. खुंट्यांचा फळा तिथे स्क्रूने बसवलेला असे. त्यांच्यापासून हातभर मागे तिने खुर्ची मांडली, बसली, जरा डावीकडे सरकली आणि मग हललीच नाही. खिडकीत नवी जाड काच होती, खाली धक्क्यावर नवा दिवा होता, पण गाय आणि वासरू जागच्या जागी होते आणि त्यांच्यामध्ये समुद्राची एक अरुंद चीर लखलखत होती.

"इथून तो दिसायचा," ती म्हणाली. "एकवीस वर्षं मी लोकांना सांगितलं, तो फटीत आहे म्हणून. तिथे तो काय करतोय हे एकदाही मला कळलं नाही. फट इतकी बारीक आहे की होडी थोडी इकडेतिकडे झाली तर खडकाआड जाते. तो कधी जायचा नाही. तासभर टिकून राहायचा."

तोरलाइव तिच्या मागे उभा राहून होकायंत्रातून पाहू लागला. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने नकाशा लोकरीच्या गुंड्यांवर पसरला, खिडकीपासून फटीतून एक रेघ ओढली, चर्चच्या टोकापासून काळ्या सुळक्यावरून दुसरी. बंदराबाहेर, नकाशावर कोणतीही खोली लिहिलेली नसलेल्या पांढऱ्या पट्ट्यात, त्या एकमेकींना छेदल्या.

"ही त्याची दुसरी खूण असेल?"

"ही माझी खूण आहे. त्याची होती का, ते तिथे जाऊन बघावं लागेल."

शनिवारी वारा पडला. तोरलाइवच्या होडीत आस्ब्योर्ग पुढे बसली, कोळ्याची मुलगी असूनही कित्येक वर्षांत होडीत न बसलेली, दोन्ही हातांनी बाक धरून. चर्चचे टोक सुळक्यावर आले आणि तोरलाइव त्या रेषेवरून हळूहळू बाहेर निघाला. मध्येच थांबून त्याने शिशाचे वजन दोरीने खाली सोडले. दोरी जात राहिली, संपत आली, तळ लागला नाही. थोडे पुढे पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"नुसतं टोकाकडे नको बघूस," ती म्हणाली. "मागे बघ. फट उघडली का?"

"तूच बघ. तुझी आहे ती."

ती वळून बसली. या बाजूने गाय आणि वासरू तिने पहिल्यांदाच पाहिले. डावे उजवीकडे गेले होते. दोघे एकमेकांना चिकटून होते. होडी सरकली तशी त्यांच्यामध्ये एक उभी रेघ उजळली, रुंदावली आणि त्या रेघेत धक्का आला, मग लाल भिंतीचा एक तुकडा.

"अजून. जरासं अजून. थांब."

फटीच्या बरोबर मधोमध एक खिडकी उन्हात चमकत होती.

तोरलाइवने वजन सोडले. दोरी धावली आणि एकाएकी सैल पडली. आधीच्या निम्मीही गेली नव्हती. त्याने ती ओढून पुन्हा सोडली, खात्री करण्यासाठी. पुन्हा तिथेच. खाली कोणाला ठाऊक नसलेला एक उंचवटा होता आणि ते दोघे त्याच्या माथ्यावर तरंगत होते.

"आहे," तो म्हणाला. त्याने उपग्रहाचे यंत्र काढून जागा टिपून घेतली, मग तेच कागदावरही लिहिले आणि कागद खिशात ठेवला. "दुसरी खूण काय लिहू? त्याने कोणत्या शब्दांत सांगितली होती ते आता नाही कळायचं."

आस्ब्योर्गने पुन्हा त्या चमकत्या खिडकीकडे पाहिले. म्हाताऱ्याने खिडकी म्हटले असेल का? नुसते एक्स्चेंजचे घर? की त्या घराच्या आधी तिथे जे काही होते ते, बापाच्या काळातले? बापाला तर खिडकीत कोणी बसलेले असण्याची गरज नव्हती. आणि एदियासला इथून, एवढ्या लांबून, काचेमागे कोणीतरी मान वळवून पाहते आहे हे दिसत असेल का? धक्क्यावर त्याने उत्तर दिले तेव्हा तो हसला होता की नाही, हे तिला कितीही ताण दिला तरी आठवेना.

"लिही : गाय आणि वासरू यांच्या फटीत लोकरीच्या दुकानाची खिडकी. आणि पुढे लिही की ही खूण किनाऱ्यावरून घेतली आहे. त्याच्या तोंडी आपलं काही घालू नकोस."

"आणि हे सर्व्हरवर गेलं की नाही ते सोमवारी तू बघशील?"

"तू बघशील. पिवळी खूण आली तर मला येऊन सांगशील."

तो मान डोलावून गळ बांधू लागला. होडी प्रवाहाबरोबर किंचित सरकली. फटीतली खिडकी अर्धी झाली, मग नाहीशी झाली.

"मागे घे जरा," आस्ब्योर्ग म्हणाली. "खडकाआड गेलो आपण. तो कधी जायचा नाही."